पहिला रोबोट कोणता? मुलांना रोबोटचा इतिहास सांगताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, "जगातला पहिला रोबोट कुणी बनवला?" शोधायला गेलं तर दर ठिकाणी वेगळं नाव आणि वेगळं साल. मग तिचे पुढचे प्रश्न सुरू झाले. रिमोटची गाडी रोबोट आहे का? वॉशिंग मशीन? माणसासारखे रोबोट घरातली कामं कधी करायला लागणार? हे सगळं तिला कळेल असं कसं सांगायचं, आणि तिला रोबोट बनवायचं एखादं किट घेऊन द्यावं का?

मी कारखान्यांत रोबोट बसवतो, त्यांना काम शिकवतो आणि सुट्ट्यांमध्ये मुलांचे रोबोटिक्सचे वर्ग घेतो. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक विनंती. तिच्याकडून सालं पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी तिच्या हाती एक प्रश्न द्या आणि प्रत्येक यंत्राला तो विचारायला सांगा: आजूबाजूला काय घडलं ते या यंत्राला कळतं का, आणि कळलं तर ते आपलं वागणं बदलतं का? या प्रश्नाचं उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी "नाही" होतं, आज ते "थोडंफार" आहे. मधल्या काळात काय काय झालं, तोच रोबोटचा इतिहास. "पहिला कोण" याची वेगवेगळी उत्तरं का मिळतात, तेही यातूनच उलगडतं. कुणी पहिलं हलणारं बाहुलं धरतो, कुणी पहिलं "कळणारं" यंत्र, तर कुणी पगारी माणसाच्या जागी उभं राहिलेलं पहिलं यंत्र.

तिच्या उदाहरणांना हाच प्रश्न लावून बघू. रिमोटची गाडी रोबोट नाही. समोर भिंत आली हे गाडीला कळतच नाही, ते रिमोट धरलेल्या मुलीला कळतं. बघते ती, ठरवते ती, गाडी फक्त हुकूम पाळते. वॉशिंग मशीनचं प्रकरण जरा नाजूक आहे. पाणी किती भरलं ते त्याला कळतं. कपड्यांचा गोळा एका बाजूला झाला तर पिळणं थांबवून ते कपडे पुन्हा पसरवायला बघतं. म्हणजे जाणणं, ठरवणं, करणं, तिन्ही आलं. तरी आमच्या धंद्यात त्याला रोबोट म्हणत नाहीत, कारण औद्योगिक रोबोटच्या व्याख्येत आणखी एक अट असते: त्याला नव्याने प्रोग्रॅम करून दुसरं काम देता आलं पाहिजे. वॉशिंग मशीनला तुम्ही भांडी घासायला शिकवू शकत नाही. अर्थात मुलगी त्याला रोबोट म्हणायचा हट्ट धरून बसली तर मी वाद घालणार नाही. रेघ खरोखरच पुसट आहे.

आता जुन्या काळाकडे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात पहिल्या शतकात हेरॉन नावाचा ग्रीक यंत्रकार होता. त्याने आपोआप चालणारी एक गाडी वर्णन करून ठेवली आहे. गाडीत धान्याच्या दाण्यांवर एक वजन ठेवलेलं असे. दाणे खालच्या भोकातून गळत, वजन हळूहळू खाली येई आणि त्याला बांधलेली दोरी चाकांचा आस फिरवी. खरी गंमत दोरी गुंडाळण्यात होती. एका बाजूने गुंडाळली की गाडी पुढे जायची. मध्येच आसावरच्या खुंटीला अडकवून उलट गुंडाळली की त्या ठिकाणी मागे फिरायची. थोडी दोरी सैल सोडली तर तेवढा वेळ थांबायची. वेढे बदलले की गाडीची चाल बदलायची. हा प्रोग्रॅमच झाला, फक्त तो दोरीत लिहिलेला होता. दोन चाकं, एक काडी, काडीत टोचलेली टाचणी आणि दोरा एवढ्या सामानात हे मुलांना करून बघता येतं. वजनाऐवजी दोरा हाताने ओढायचा. माझ्या वर्गात संगणकाच्या आधी मी हेच करून घेतो.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला अल-जझारी या यंत्रकाराने पाण्यावर तरंगणारी वादकांची नाव रचली. तिच्यात फिरत्या दंडगोलावरच्या खुंट्या वादकांचे हात हलवत, म्हणजे खुंट्यांची जागा बदलली की ताल बदलणार. १२०६ सालच्या त्याच्या ग्रंथात अशी कितीतरी यंत्रं आकृत्यांसकट आहेत.

या सगळ्या जुन्या यंत्रांमध्ये माझं सर्वांत आवडतं म्हणजे स्वित्झर्लंडचे घड्याळजी पिएर जाके-द्रो यांचा "लिहिणारा मुलगा". १७६८ ते १७७४ या काळात तो तयार झाला आणि आजही न्यूशातेलच्या संग्रहालयात तो लिहून दाखवतो. सुमारे ६,००० भाग. मेजाशी बसलेला, अनवाणी पायांचा लहान मुलगा, हातात पिसाची लेखणी. तो लेखणी शाईत बुडवतो, जास्तीची शाई झटकतो, मग कागदावर एकेक अक्षर काढतो. डोळे लेखणीबरोबर फिरतात. हे सगळं त्याच्या पाठीत बसवलेल्या कॅमच्या चळतीतून होतं. कॅम म्हणजे कडा कमीजास्त उंचीची कापलेली चकती. ती फिरली की कडेला टेकलेला दांडा मागेपुढे होतो, आणि त्या दांड्याला जोडलेला हात हलतो. हात डावीउजवीकडे नेण्यासाठी, पुढेमागे करण्यासाठी आणि लेखणी उचलून टेकवण्यासाठी वेगवेगळे कॅम आहेत. शिवाय एक चाक असं आहे की त्यावरची जोडणी बदलून ४० अक्षरांपर्यंतचा हवा तो मजकूर लिहून घेता येतो. अडीचशे वर्षांपूर्वी!

आता मुलीला तिचा प्रश्न विचारायला सांगा. समोरचा कागद काढून घेतला तर हा मुलगा काय करेल? तो लिहीतच राहील. शाई संपली तरी लिहीत राहील. डोळे फिरतात, पण ते काही बघत नाहीत. इतकं देखणं यंत्र, आणि त्याला काहीच कळत नाही. अशा यंत्रांना स्वयंचलित बाहुल्या म्हणावं, रोबोट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याच सुमारास जपानमध्ये चहा आणून देणारी एक लाकडी बाहुली होती. दिसायला ती जाके-द्रोच्या मुलापेक्षा पुष्कळच साधी. आत लाकडी दातेरी चाकं आणि व्हेलच्या तोंडातल्या लवचिक पट्टीची स्प्रिंग. यजमानाने तिच्या हातातल्या ताटलीत पेला ठेवला की ती चालायला लागे. पाहुण्याने पेला उचलला की जागीच थांबे. रिकामा पेला परत ठेवला की वळून आल्या वाटेने निघे. ताटलीखालचा दांडा पेल्याच्या वजनाने दबे किंवा उचलला जाई, बस इतकंच. पण पाहुण्याने काय केलं ते या बाहुलीला "कळत" होतं! इतिहास सांगताना लोक जाके-द्रोपाशी थांबतात आणि हिला ओलांडून पुढे जातात. मला विचाराल तर आजच्या रोबोटची जवळची नातेवाईक ही आहे. १७९६ साली छापलेल्या एका जपानी पुस्तकात तिच्या आकृत्या आहेत आणि त्यांवरून आजही लोक तशा बाहुल्या बनवतात.

त्या काळात फसवणूकही भरपूर चाले. फ्रान्सच्या व्होकांसोंने १७३९ मध्ये दाणे खाऊन, पचवून, मागून टाकणारं यांत्रिक बदक दाखवलं. खाल्लेलं एका डब्यात साठत होतं आणि टाकायचं आधीच भरून ठेवलेलं असे. १७७० मध्ये फॉन केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क आणला, त्याच्या पेटीत चक्क जिवंत खेळाडू दडून बसत असे. मुलांना हे किस्से फार आवडतात. जरूर सांगा, पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

"रोबोट" हे नाव बरंच उशिरा, चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून आलं. त्यानंतर प्रदर्शनांमध्ये धातूचे माणूस मिरवायची लाटच आली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातला इलेक्ट्रो सात फूट उंच होता, ध्वनिमुद्रिकांवरून बोलत होता आणि सिगारेटही ओढत होता. लोकांच्या डोक्यात रोबोटचं जे चित्र पक्कं बसलं ते याच पिढीचं, पण कळण्याच्या बाबतीत यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

खरी उडी १९४८-४९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे पडली. ग्रे वॉल्टर हे मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. त्यांना दाखवायचं होतं की चमत्कारिक, जिवंत वाटणाऱ्या वागण्यासाठी मोठा मेंदू लागतोच असं नाही. त्यांनी तीन चाकांची दोन यंत्रं बनवली, एल्मर आणि एल्सी. वर कवच, म्हणून लोक त्यांना कासवं म्हणत. प्रत्येकाचा "मेंदू" म्हणजे दोन व्हॅक्यूम ट्यूब (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या), एक प्रकाश जाणणारा आणि एक स्पर्श जाणणारा सेन्सर. नियम थोडेच. उजेड नसेल तर शोधत फिर. मध्यम उजेड दिसला तर तिकडे जा. फार प्रखर असेल तर दूर हो. कवच कशाला अडलं तर ढकलून, वळून वाट काढ.

या कासवांच्या घरट्यात एक प्रखर दिवा आणि बॅटरी चार्ज करायची सोय होती. बॅटरी भरलेली असताना कासव त्या दिव्यापासून लांब राही. बॅटरी उतरली की विद्युतमंडलाची संवेदना मंदावे, तोच दिवा आता त्याला प्रखर वाटत नसे, आणि ते सरळ घरट्यात शिरे. भूक लागल्यावर घरी येणं! कुणी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. दुसरी गंमत आरशाची. कासवाच्या पुढे एक छोटा दिवा होता. तो उजेड शोधत असताना पेटलेला असे आणि उजेड सापडला की विझे. आरशासमोर ठेवल्यावर त्याला स्वतःचाच दिवा दिसायचा, दिसला की दिवा विझायचा, विझला की उजेड नाहीसा, मग दिवा पुन्हा पेटायचा. कासव आरशापुढे लुकलुकत, डुलत नाचत राही. बघणाऱ्याला वाटावं, स्वतःला ओळखतंय. तुमच्या मुलीला हे सांगून विचारा, खरंच ओळखत होतं का? मी एका वर्गात हा प्रश्न टाकला आणि मुलं तासभर भांडली.

"पहिला रोबोट" म्हणून मला एकच नाव द्यायला लावलं, तर मी या कासवांचं देईन. माझ्या धंद्यातले बहुतेक जण मात्र युनिमेटचं नाव घेतील, आणि त्यांचंही चूक नाही.

अमेरिकेतल्या जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ मध्ये एका यांत्रिक हातासाठी पेटंटचा अर्ज केला. जोसेफ एंगलबर्गर यांना ती कल्पना भावली आणि दोघांनी मिळून युनिमेट उभा केला. १९६१ मध्ये तो न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. चेहरा नाही, पाय नाहीत. सुमारे १,८०० किलोचा, रणगाड्याच्या बुरुजातून तोफ बाहेर यावी तसा एकच लांब हात, तेलाच्या दाबावर चालणारा. काम काय, तर वितळलेला धातू साच्यात ओतून बनलेले तापलेले भाग यंत्रातून काढायचे आणि थंड करायला बुडवायचे. माणसाला भाजण्याचा, धुराचा त्रास होणारं काम. म्हणूनच रोबोटला पहिली नोकरी तिथे मिळाली. यंत्र सगळ्यांना हवं झालं ते असल्या कामासाठी, हुशारीसाठी नाही.

युनिमेट शिकायचा कसा? त्याचा हात एका जागी न्यायचा आणि ती जागा "लक्षात ठेव" म्हणून बटण दाबायचं. मग पुढची जागा, पुन्हा बटण. या जागा चुंबकीय ड्रमवर साठत. मग तो त्या जागा त्याच क्रमाने, न थकता, न कंटाळता गाठत राही. आज आम्ही तेच करतो. फक्त हातात टीच पेंडंट नावाचा स्क्रीनवाला डबा असतो, आणि त्यावरून रोबोटला इंचाइंचाने सरकवत एकेक पॉइंट शिकवतो.

इथे एक दृश्य सांगतो, कारण कारखान्यातला रोबोट म्हणजे काय ते त्यात दिसतं. नव्या हाताला काम शिकवून झालं की पहिल्यांदा तो सुट्या भागाशिवाय, अगदी हळू चालवून बघतात. हात खाली येतो, ग्रिपर म्हणजे पकडायचा पंजा उघडतो, रिकाम्या हवेवर नेमका मिटतो. मग ते "काही नाही" जपून उचलून तो वळतो, ठरलेल्या जागी अलगद ठेवतो, आणि पुढचं "काही नाही" आणायला परत येतो. तुम्ही थांबवलं नाही तर दिवसभर हेच करेल. वेल्डिंगचा असेल तर समोर पत्रा नसतानाही हवेत वेल्डिंगचा मार्ग काटेकोर गिरवेल. म्हणून आम्ही भाग जागेवर आहे की नाही ते सांगणारा सेन्सर बसवतो, पकड खरंच बसली का ते तपासतो, आणि उत्तर "नाही" आलं तर थांबायला शिकवतो. नवीन लाइन बसवताना डोकं खाणारं काम बहुतेक वेळा हेच असतं. हात हलवणं त्यापुढे सोपं.

याच कारणाने मोठ्या रोबोटभोवती जाळीचं कुंपण असतं. दार उघडलं की तो थांबतो. मुलं नेहमी विचारतात, रोबोटला राग आला तर? राग यायला काही नसतं. धोका वेगळाच आहे: वाटेत माणूस आला हे त्याला कळत नाही आणि तो आपलं काम करत राहतो. अलीकडे धक्का लागला की थांबणारे हलके हात आले आहेत, डेन्मार्कच्या एका कंपनीने २००८ मध्ये ते विकायला सुरुवात केली. काम नीट तपासून घेतलं तर त्यांच्याशेजारी कुंपणाशिवायही माणूस उभा राहू शकतो.

कारखान्याबाहेर कुणी भाग ठरल्या जागी आणून ठेवत नाही. तिथे यंत्राने स्वतः बघायला हवं. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात शेकी नावाचा रोबोट बनला. चाकांवर थरथरत चालायचा म्हणून शेकी. कॅमेऱ्याने खोली बघायची, ठोकळा कुठे आहे ते ओळखायचं, तो ढकलण्यासाठी आधी कुठे जायचं याची योजना स्वतः करायची, असं त्याचं काम. त्याचा मेंदू, म्हणजे मोठा संगणक, वेगळाच ठेवलेला होता आणि दोघांचं बोलणं रेडिओवरून चाले. शेकीसाठी शोधलेली, सर्वांत जवळची वाट काढायची एक पद्धत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. कॉम्प्युटर गेममधली पात्रं भिंतीला वळसा घालून तुमच्या मागे येतात, त्यात अजूनही तीच पद्धत किंवा तिची भावंडं असतात. मुलांना हे सांगितलं की शेकी एकदम ओळखीचा वाटतो.

स्टॅनफर्डच्याच विद्यापीठात हान्स मोराव्हेक यांची एक गाडी होती. १९७९ मध्ये तिने खुर्च्यांनी भरलेली खोली माणसाच्या मदतीशिवाय पार केली. अंतर सुमारे २० मीटर, वेळ सुमारे ५ तास. दर मीटरला थांबून ती फोटो काढी आणि दहा-पंधरा मिनिटं विचार करी. बाहेर उन्हात नेलं तर तेवढ्या वेळात सावल्या सरकत आणि तिचा गोंधळ उडे. तीच खोली दोन वर्षांचं मूल काही सेकंदांत ओलांडतं. मोराव्हेक यांनीच पुढे नेमकं बोट ठेवलं: माणसाला अवघड वाटणारं बुद्धिबळ, गणित यंत्राला सोपं जातं, आणि बाळाला सहज जमणारं बघणं, चालणं, उचलणं यंत्राला महाकठीण. या एका उलट्या गोष्टीत रोबोटच्या प्रगतीचा बराचसा हिशेब आहे. तुमची मुलगी न बघता दप्तरातून पेन्सिल काढते ना? ते जगातल्या चांगल्या चांगल्या प्रयोगशाळांना अजून नीट जमलेलं नाही.

चालण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सुरुवातीचे पायांचे रोबोट प्रत्येक पावलाला तोल सांभाळून, अडखळत चालत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मार्क रेबर्ट यांनी उलटा विचार केला आणि एकाच पायाचा, सतत उड्या मारणारा रोबोट बनवला. तो थांबला की पडायचा, म्हणून उडी मारतच तोल सावरायचा. पुढे त्यांनीच स्थापन केलेल्या बोस्टन डायनॅमिक्सची चार पायांची आणि दोन पायांची यंत्रं याच विचारातून आली. जपानच्या होंडा कंपनीने १९८६ पासून गुपचूप काम करून १९९६ मध्ये पी-२ आणि २००० मध्ये १२० सेंटिमीटर उंचीचा असिमो दाखवला. एवढीच उंची का? खुर्चीवर बसलेल्या माणसाशी नजरानजर व्हावी म्हणून.

अंतराळातल्या रोबोटवर मात्र मुलांबरोबर वेळ काढा, तिथे "कळणं" का लागतं ते आपोआप समजतं. १९७० मध्ये सोव्हिएत लुनोखोद-१ चंद्रावर उतरला, त्याला पृथ्वीवर बसलेली माणसं चालवत होती. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तेवढं जमून जातं. मंगळावर हे चालत नाही. दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात. समोर खड्डा आहे ही बातमी पृथ्वीवर येऊन "थांब" हा हुकूम परत पोचेपर्यंत गाडी खड्ड्यात! म्हणून मंगळावरच्या गाड्यांना स्वतः दगड ओळखून वाट काढायला शिकवावं लागलं. १९९७ ची सोजर्नर साडेदहा किलोची होती आणि एकूण १०० मीटरच्या आसपास फिरली. २००४ मध्ये उतरलेली ऑपर्च्युनिटी मंगळाचे ९० दिवस टिकावी अशी अपेक्षा होती. ती २०१८ च्या धुळीच्या वादळापर्यंत चालली, ४५ किलोमीटर.

आपल्या चांद्रयान-३ चा २६ किलोचा प्रज्ञान रोव्हर याच रांगेतला. २७ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच्यापुढे ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचं विवर आलं. त्याला आल्या वाटेने मागे फिरायचा आदेश दिला गेला आणि तो नव्या वाटेने निघाला. इथे मुलीला विचारा, खड्डा कुणाला कळला, प्रज्ञानला की पृथ्वीवरच्या माणसांना? आणि हाच खड्डा मंगळावर असता तर?

पृथ्वीवरची तशीच परीक्षा म्हणजे अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातली ड्रायव्हरविना गाड्यांची शर्यत. २००४ मध्ये सुमारे २४० किलोमीटरपैकी सर्वांत पुढे गेलेली गाडी १२ किलोमीटरही गाठू शकली नाही. दीडच वर्षाने २१२ किलोमीटरची शर्यत पाच गाड्यांनी पूर्ण केली आणि स्टॅनफर्डची स्टॅन्ली पहिली आली. एवढा फरक पडला तो जास्त करून बघण्यात आणि बघितलेल्याचा अर्थ लावण्यात, इंजिनं काही बदलली नव्हती. २००२ मध्ये आलेला घर झाडणारा रूम्बा तर त्याहून साधा. सुरुवातीच्या रूम्बाकडे घराचा नकाशाही नव्हता. आपटला की वळ, पुढे जमीन संपली की मागे हो, भिंत लागली तर तिच्या कडेने जा. ग्रे वॉल्टर यांच्या कासवांचा तो नातू शोभतो. ऑपरेशन करणारे रोबोट उलट्या टोकाचे: तिथे ठरवणारा सर्जनच असतो, यंत्र त्याच्या हाताची हालचाल बारीक आणि स्थिर करतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एक बदल झाला. पूर्वी आम्ही नियम लिहायचो, आता यंत्र बरंचसं सरावातून शिकतं. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका वेळी जास्तीत जास्त १४ यांत्रिक हात ट्रेमधल्या वस्तू उचलण्याचा सराव करत होते. ८ लाखांहून जास्त प्रयत्नांतून ते पकड सुधारत गेले. चालणारे रोबोट तर आता आधी संगणकातल्या खोट्या जगात हजारो प्रतींनी एकाच वेळी पडत-उठत शिकतात आणि मग खऱ्या जमिनीवर पाय ठेवतात.

मग माणसासारखा रोबोट घरकाम कधी करणार? साल मी सांगणार नाही, सांगणाऱ्यांवर फार विश्वासही ठेवू नका. सपाट जमीन झाडणं जमलं, कारण जमीन सगळीकडे जमीनच असते. कपड्यांचा ढीग दर वेळी वेगळा पडतो, मऊ असतो, उचलला की आकार बदलतो. जोडीला काचेचा पेला, ओला साबण, मध्येच धावत येणारं मूल. व्हिडिओंमध्ये मात्र हे सगळं सुरळीत चाललेलं दिसतं. तेव्हा मुलीला तो १७७० चा तुर्क आठवायला सांगा आणि तीन गोष्टी तपासायला शिकवा. व्हिडिओचा वेग वाढवलाय का? (कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.) पडद्यामागून कुणी माणूस हे हात चालवतोय का? आणि वस्तू जरा सरकवून ठेवली तर यंत्र सावरतं का? तिसरी गोष्ट दाखवणारा व्हिडिओ असेल तर तो दोनदा बघा.

आता किट. घ्या, पण मोटारी किती आणि दिवे किती यावर जाऊ नका. निदान दोन प्रकारचे सेन्सर हवेत आणि प्रोग्रॅम मुलीला स्वतः बदलता आला पाहिजे. लहान मुलांनी रोबोटला हुकूम द्यावेत ही कल्पना जुनी आहे. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा बनवली आणि तिच्यावर चालणारं जमिनीवरचं कासव थोड्याच वर्षांत आलं. "पुढे जा, वळ" असं लिहून मुलं त्याच्याकडून चौकोन, फुलं काढून घेत. लेगोचं माइंडस्टॉर्म्स १९९८ मध्ये आलं. आज मिळणारी बहुतेक किटं याच घराण्यातली.

सुरुवात काळ्या पट्टीवरून चालणाऱ्या दोन सेन्सरच्या गाडीने करा. पांढऱ्या कागदावर काळी चिकटपट्टी लावायची, दोन्ही सेन्सर पट्टीच्या दोन बाजूंना. डाव्याला काळं दिसलं तर डावीकडे वळ, उजव्याला दिसलं तर उजवीकडे, दोघांना पांढरं दिसलं तर सरळ. गाडी नीट चालायला लागली की ती खिडकीच्या उन्हात नेऊन बघा, पट्टीला मध्ये फट ठेवून बघा, वळण हळूहळू तीव्र करत न्या. मग गाडी उचलून पट्टी नसलेल्या कोऱ्या कागदावर ठेवा आणि डाव्या सेन्सरवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा चिकटवा. गाडी गोल गोल फिरत राहील. का फिरतेय ते तिला लगेच सांगू नका.